मेंढपाळाचा डोंगर

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

इसवी सन १३३६, एप्रिल महिन्याची २६ तारीख. फ्रान्सच्या दक्षिणेला मालोसेन नावाच्या खेड्यातून चार माणसे सकाळी बाहेर पडली. दोघे भाऊ आणि त्यांचे दोन नोकर. समोर एक भला मोठा डोंगर उभा होता आणि त्याच्या माथ्यावर या मंडळींचे काहीही काम नव्हते. तिथे देवस्थान नव्हते, किल्ला नव्हता. कुणाची गुरे हरवली नव्हती की मोळी आणायची नव्हती. थोरल्या भावाला वर जाऊन फक्त बघायचे होते. रात्री चांदण्यात ते परत आले. नोकर जेवणाच्या तयारीला लागले तेवढ्यात थोरला घराच्या एका कोपऱ्यात जाऊन बसला आणि त्या दिवसाची हकीकत त्याने एका पत्रात लिहून काढली. निदान त्या पत्रात तरी तसे म्हटले आहे.

या थोरल्या भावाचे नाव फ्रान्चेस्को पेट्रार्क. इटालियन कवी. त्या धाकट्याचे नाव गेरार्दो. डोंगराचे नाव माँ व्हाँतू. आणि हे पत्र गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे युरोपात पुन्हा पुन्हा वाचले जात आहे. डोंगर केवळ आनंदासाठी चढणारा हा पहिला माणूस, अशी पेट्रार्कची ख्याती झाली. काहींनी तर त्याला गिर्यारोहणाचा जनक ठरवून टाकले. एका दिवसाच्या चढाईला इतिहासात एवढी मोठी जागा क्वचितच मिळाली असेल. ती जागा कशी मिळाली आणि ती खरोखर कुणाची, हे आज आपल्याला पाहायचे आहे.

आधी डोंगराची ओळख करून घेऊ. व्हाँतूची उंची सुमारे १९१० मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा तो अडीचशेहून अधिक मीटरनी उंच. पण आकडा बाजूला ठेवा. सह्याद्रीत एका शिखराशेजारी दुसरे शिखर असते, डोंगराला डोंगराची सोबत असते. व्हाँतू मात्र ऱ्होन नदीच्या सखल मुलखाच्या कडेला एकटा उभा आहे. पंचक्रोशीतल्या कुठल्याही अंगणातून तो दिसतो. त्याचा माथा उघडा, पांढऱ्या चुनखडीच्या खड्यांचा. बर्फ वितळून गेल्यावरही लांबून पाहणाऱ्याला तिथे बर्फच आहे असे वाटते. वर वारा असा की उभे राहू देत नाही. त्या भागात उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला मिस्त्राल म्हणतात आणि डोंगराच्या नावाचा संबंधही लोक वाऱ्याशीच जोडतात.

त्या डोंगराच्या आसमंतात पेट्रार्कचे बालपण गेले. त्याचे वडील फ्लॉरेन्सचे, राजकारणात हद्दपार झालेले. १३०९ पासून पोपचा दरबार रोममधून आव्हिन्याँ शहरात आला होता आणि त्या दरबाराच्या आसऱ्याने अनेक इटालियन कुटुंबे तिकडे राहायला आली, त्यांतले हे एक. म्हणजे पोरगा वाढला फ्रान्समध्ये आणि मनाने राहिला इटलीत. आव्हिन्याँच्याच एका चर्चमध्ये ६ एप्रिल १३२७ रोजी त्याने लॉरा नावाची स्त्री पाहिली आणि पुढे आयुष्यभर तिच्यावर कविता लिहिल्या. डोंगर चढला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. एका कार्डिनलच्या पदरी नोकरी होती, कवी म्हणून नाव होऊ लागले होते, आणि आपण नेमके काय करतो आहोत याचा मनात गोंधळ होता.

त्याच काळात आपल्याकडे काय चालले होते? महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणण्याचा घाट घातला, त्याला नऊ वर्षे झाली होती. परंपरेने दिलेल्या सनावळीप्रमाणे संत नामदेव हयात होते. जग तेव्हाही एकच होते, फक्त एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोहोचत नव्हती.

पत्रात पेट्रार्क सांगतो की हा डोंगर लहानपणापासून डोळ्यांसमोर होता आणि चढण्याची इच्छा अनेक वर्षांची होती. ती इच्छा अखेर पेटली ती पुस्तकामुळे. रोमचा इतिहासकार लिव्ही वाचताना त्याला एक प्रसंग सापडला. मॅसिडोनियाचा राजा फिलिप हीमस नावाच्या डोंगरावर चढला, कारण तिथून दोन समुद्र एकदम दिसतात असे त्याने ऐकले होते. म्हाताऱ्या राजाने केले ते तरुण माणसाने केले तर त्याला कोण नावे ठेवणार, असा विचार करून पेट्रार्क तयारीला लागला.

मग प्रश्न आला सोबतीचा. हा भाग डोंगरात हिंडणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. पेट्रार्कने एकेक मित्र मनात आणून पाहिला. एक फार मंद, एक फार चपळ. एक सदा उदास, एक अति आनंदी. एकाचे मौन सोसवत नाही, दुसऱ्याची बडबड. कुणी जाडा, कुणी अशक्त. घरात जे दोष मैत्रीपोटी चालून जातात तेच प्रवासात जड होतात, हे त्याच्या लक्षात आले. शेवटी त्याने सख्ख्या धाकट्या भावाला विचारले. गेरार्दो आनंदाने तयार झाला.

हवा छान होती, दिवस मोठा होता. जुन्या कालगणनेची २६ एप्रिल म्हणजे आजच्या हिशेबाने ४ मे. तिकडचा भर वसंत. पायथ्याशी सगळे हिरवे झालेले आणि माथ्याकडे अजून थंडी रेंगाळलेली. डोंगर मात्र पत्रात लिहिल्याप्रमाणे जवळजवळ उभाच, खडकांचा.

आणि डोंगराच्या एका घळीत त्यांना तो भेटला. एक म्हातारा मेंढपाळ.

म्हाताऱ्याने त्यांना परोपरीने सांगून पाहिले की वर जाऊ नका. पन्नास वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच तरुणपणाच्या उमेदीत आपण अगदी माथ्यापर्यंत गेलो होतो, असे तो म्हणाला. मिळाले काय, तर पश्चात्ताप आणि दमणूक. खडकांनी आणि काट्यांनी अंग सोलून निघाले, कपडे फाटले. आपल्या आधी कुणी वर गेल्याचे ऐकले नाही, नंतरही नाही. पण तरुणांना नको म्हटले की त्यांची इच्छा वाढते, हे पेट्रार्क स्वतःच कबूल करतो. हे ऐकणार नाहीत असे दिसले तेव्हा म्हातारा थोडे अंतर त्यांच्याबरोबर चालला आणि खडकांमधून जाणारी एक उभी पाऊलवाट त्याने बोटाने दाखवली. जास्तीचे कपडे आणि ओझे त्यांनी त्याच्यापाशीच ठेवले. ते निघाल्यावरही तो पाठीमागून ओरडून सूचना देत राहिला.

इतकेच. पत्रात मेंढपाळ पुन्हा येत नाही. परतीच्या वाटेवर ठेवलेले सामान घेतले असणारच, पण त्याचा उल्लेख नाही. त्याचे नावही नाही.

पुढच्या चढाईत जे घडले त्यासाठी हे पत्र मला फार आवडते. गेरार्दोने सरळ डोंगरधार धरली. चढ छातीवर येणारा, पण वाट थेट वर जाणारी. पेट्रार्कला दम लागला. त्याने ठरवले की आपण जरा आडवे जाऊ, पलीकडे सोपी वाट असेल. ती शोधता शोधता तो खालच्या घळींमध्ये उतरला. भाऊ वर वर चालला आणि हा आडवातिडवा भटकत राहिला. शेवटी कंटाळून सरळ चढाला लागला तेव्हा थकून गेला होता. भाऊ मात्र वर बसून निवांत विसावा घेत होता. थोडे अंतर दोघे बरोबर चालले आणि पेट्रार्कने पुन्हा तेच केले. चांगले तीन-चारदा असे झाले. भाऊ हसला, हा चिडला. शेवटी एका घळीत बसून तो स्वतःशी विचार करू लागला. माणसाच्या इच्छेने भूगोल बदलत नाही. खाली उतरून कुणी वर पोहोचत नाही. आणि ही गोष्ट फक्त डोंगराची नाही, आपल्या सबंध आयुष्याची आहे. चांगले काय ते कळते, तिकडे जायचेही असते, पण चढ टाळायचा असतो.

ज्यांनी घाटावरच्या वाटा तुडवल्या आहेत त्यांना हा अनुभव नवा नाही. नाळ सोडून आडव्या ढोरवाटेला लागलेला माणूस तासाभराने कुठे सापडतो, ते आपल्याला ठाऊक आहे. पण स्वतःची ही फजिती लिहून ठेवणारे थोडे. पराक्रमाच्या बखरी पुष्कळ असतात. आपण चढ टाळला, धाकटा भाऊ पुढे गेला आणि आपल्यावर हसला, असे लिहिणारा कवी चौदाव्या शतकात भेटतो याचे मला अप्रूप वाटते.

तर अखेर ते माथ्यावर पोहोचले. रानात वावरणारे लोक या शिखराला लेकरू अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, असे पेट्रार्क नोंदवतो. आसपासच्या सगळ्या डोंगरांचा बाप शोभणाऱ्या शिखराला लेकरू का म्हणावे, याचे त्याला नवल वाटते. गंमत म्हणून बोलताना माणसे उलटे नाव देतात, तसेच काही असेल अशी त्याची समजूत. माथ्यावर थोडीशी सपाटी होती. तिथे टेकून त्याने चौफेर पाहिले. ढग पायाखाली होते. इटलीच्या दिशेला बर्फाच्छादित आल्प्स इतके जवळ दिसले की हात लावावा, आणि इटलीच्या आठवणीने त्याने उसासा टाकला. उजवीकडे लियाँ प्रांतातले डोंगर, डावीकडे मार्सेय आणि एग-मोर्तपर्यंतचा समुद्र, अगदी डोळ्यांखाली ऱ्होन नदी. बोलोन्या सोडून दहा वर्षे झाली, या काळात आपण किती बदललो, कुणावर प्रेम केले, ते सुटले की नाही, याचा हिशेब तो वर बसून करत राहिला.

मग त्याने खिशातले पुस्तक काढले. संत ऑगस्टीन यांचे आत्मनिवेदन. मुठीत मावेल एवढी लहान प्रत, दिओनिजी नावाच्या धर्मगुरू मित्राने भेट दिलेली. हे पत्रही त्या मित्रालाच लिहिले आहे. सहज पान उघडले, भाऊ ऐकायला शेजारी उभा. आणि समोर नेमका तो मजकूर आला, ज्याचा आशय असा की माणसे डोंगर, समुद्र आणि तारे पाहून थक्क होतात, पण स्वतःकडे पाहायचे त्यांना सुचत नाही. पेट्रार्क सुन्न झाला. त्याने पुस्तक मिटले. भावाला म्हणाला, आता मला काही विचारू नकोस. खाली पोहोचेपर्यंत तो बोलला नाही. उतरताना मात्र तो वळून वळून शिखराकडे बघत होता आणि मघाशी एवढे प्रचंड वाटलेले शिखर त्याला हातभर उंचीचे वाटत होते.

आता या पत्राला इतिहासात जागा कशी मिळाली ते पाहू. १८६० मध्ये स्विस इतिहासकार याकोब बुर्कहार्ट याने इटलीतल्या प्रबोधनकाळावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. मध्ययुगातल्या माणसाला निसर्ग दिसत नव्हता, प्रबोधनकाळात तो दिसू लागला, असे त्याचे प्रतिपादन होते आणि त्यासाठी पेट्रार्कची ही चढाई त्याला उत्तम दाखला वाटली. तो काळही असा होता की युरोपातले हौशी लोक आल्प्सच्या शिखरांमागे लागले होते. अल्पाइन क्लब निघत होते. त्यांना आपल्या छंदाचा एक पूर्वज हवा होता, तो आयता मिळाला. तेव्हापासून १३३६ हे साल पाठ्यपुस्तकात जाऊन बसले.

पण इतिहासात पहिला हा शब्द जपून वापरावा लागतो. रोमन सम्राट हेड्रियन सूर्योदय पाहण्यासाठी एटना ज्वालामुखीवर चढला होता, असे जुन्या चरित्रात नोंदलेले आहे. चौथ्या शतकात एगेरिया नावाची स्त्री सिनाई पर्वतावर चढली आणि तिने आपल्या भगिनींसाठी त्याचे वर्णन लिहून ठेवले. खुद्द व्हाँतूवरही पेट्रार्कच्या काही वर्षे आधी पॅरिसचा तत्त्वज्ञ झाँ ब्युरिदाँ गेला होता. पोपच्या दरबाराकडे जाताना वाटेत त्याने हा डोंगर चढून हवामानाची निरीक्षणे केली, असे त्याच्या लेखनातून दिसते. ही गोष्ट विसाव्या शतकात अभ्यासकांनी उजेडात आणली आणि पेट्रार्कचा पहिला क्रमांक गेला, असे म्हटले जाऊ लागले.

मला यात एक गोष्ट चमत्कारिक वाटते. पहिला नंबर पेट्रार्कचा की ब्युरिदाँचा, यावर विद्वानांनी शाई खर्च केली. पण मेंढपाळ? तो तर पेट्रार्कच्याच पत्रात उभा आहे. पन्नास वर्षे आधी, म्हणजे १२८६ च्या सुमारास तो माथ्यावर गेला होता. आणि कशासाठी? माथ्यावर चारा नव्हता. मेंढरे घेऊन गेल्याचे तो सांगत नाही. तरुणपणाच्या उमेदीत गेलो, एवढेच कारण. म्हणजे ज्या विनाकारण चढण्यासाठी पेट्रार्कला आधुनिक माणूस म्हटले गेले, तेच विनाकारण चढणे एका निरक्षर मेंढपाळाने अर्धशतक आधी करून ठेवले होते. त्याने ते लिहिले नाही, एवढाच फरक. शिवाय शिखराला लेकरू म्हणणारे ते रानातले लोक. ज्यांनी नाव ठेवले त्यांची पावले तिकडे वळलीच नसतील का?

याच काळातली दुसरी एक चढाई शेजारी ठेवून पाहिली तर हा मुद्दा अधिक उघड होतो. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तुघलकाच्या दिल्लीत काझी होता. १३४२ मध्ये तो दिल्लीहून निघाला. दौलताबाद आणि नंदुरबार पाहून तो पुढे गेला, मराठ्यांविषयी त्याने लिहूनही ठेवले आहे. १३४४ मध्ये तो श्रीलंकेत पोहोचला आणि २२४३ मीटर उंचीच्या श्रीपाद शिखरावर चढला. अरबी प्रवासी या बेटाला सरनदीप म्हणत. माथ्यावरच्या खडकात एका मोठ्या पावलाचा ठसा आहे. मुसलमान ते हजरत आदमचे पाऊल मानतात, बौद्ध बुद्धाचे, हिंदू शंकराचे. बाबा आदम स्वर्गातून उतरले ते सरनदीपला, ही गोष्ट आमच्या घरांतून आज्या सांगत आल्या आहेत.

व्हाँतू मुका होता, हे शिखर गजबजलेले. इब्न बतूता सांगतो की वर जायला दोन वाटा आहेत, एक बाबांची आणि एक मामांची, म्हणजे आदमची आणि हव्वाची. मामांची सोपी, बाबांची खडतर. कड्यावर आधीच्या लोकांनी पायऱ्या खोदून लोखंडी साखळ्या लावलेल्या. अशा दहा साखळ्या त्याने मोजल्या. दहाव्या साखळीचे नाव शहादतची साखळी. तिथे पोहोचून खाली पाहिले की माणसाचे डोळे फिरतात आणि आता पडतो या भीतीने तो कलमा म्हणू लागतो, म्हणून हे नाव. कळसूबाईची साखळी हातात धरून ज्यांनी खाली पाहिले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

इब्न बतूताबरोबर कोण होते? तिथल्या राजाने त्याला पालखी दिली. दर वर्षी या यात्रेला जाणारे चार योगी दिले, तीन ब्राह्मण, दरबारातले दहा लोक आणि शिधा वाहणारे पंधरा हमाल. मुसलमान प्रवासी, त्याला वाट दाखवणारे योगी आणि ब्राह्मण, आणि सगळ्यांचे पाऊल एकाच ठशाकडे. ही यात्रा आजच्या दिवसांत पुन्हा पुन्हा आठवावी अशी आहे. ही वाट मुसलमानांसाठी शिराझच्या शेख अबू अब्दुल्ला इब्न खफीफ यांनी प्रथम खुली केली, असेही तो आवर्जून सांगतो. वाट पाडणाऱ्याचे नाव घेण्याची ही रीत मला मोलाची वाटते. पण चार योगी आणि पंधरा हमाल यांची त्याच्याकडेही फक्त संख्या आहे. नावे नाहीत.

आता त्या शंकेकडे येतो, जिचा उल्लेख सुरुवातीला ओझरता केला. पेट्रार्कचे पत्र खरेच त्या रात्री लिहिले गेले का? दिवसभर डोंगर चढून-उतरून दमलेला माणूस स्वयंपाक होईपर्यंतच्या वेळात रोमन ग्रंथांचे दाखले पेरलेले एवढे रेखीव लॅटिन पत्र लिहील का? इटालियन अभ्यासक ज्युझेप्पे बिलानोविच यांनी असे मांडले की हे पत्र १३५३ च्या सुमारास, म्हणजे सतरा वर्षांनी रचले गेले. ज्याला ते लिहिले तो दिओनिजी १३४२ मध्येच वारला होता. ऑगस्टीन यांचे मनःपरिवर्तन बत्तिसाव्या वर्षात झाले आणि पेट्रार्कची चढाईही त्याच्या बत्तिसाव्या वर्षात, हा योगायोग फारच नेटका आहे. काहींनी तर तो डोंगर चढलाच नाही असेही म्हटले. अभ्यासकांत यावर आजही एकमत नाही.

गंमत म्हणजे इब्न बतूताचेही तेच. त्याने आपला प्रवास मायदेशी परतल्यावर, आठवणीतून, इब्न जुझय नावाच्या लेखनिकाला सांगितला आणि तो ग्रंथ १३५५ मध्ये पुरा झाला. म्हणजे एकाच्या बाबतीत बहुधा आणि दुसऱ्याच्या बाबतीत नक्कीच, चढाईनंतर दहाहून अधिक वर्षांनी ती शब्दांत आली. डोंगर पायांनी एका दिवसात चढून होतो. मनाने तो पुढे अनेक वर्षे चढत राहावा लागतो.

आणि त्या सतरा वर्षांत काय घडले होते, हे कळले की पत्रातल्या त्या हसणाऱ्या धाकट्या भावाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. १३४३ मध्ये गेरार्दोने संसाराचा मार्ग सोडला आणि माँत्रिये येथील कार्थुसियन मठात तो साधू झाला. कडक मौनव्रताचा हा पंथ. पाच वर्षांनी, १३४८ मध्ये युरोपात प्लेगची महामारी पसरलेली होती. त्याच साथीच्या वर्षी, ६ एप्रिलला लॉरा वारली. माँत्रियेच्या मठात एकामागून एक साधू मरू लागले. पळून जा, असा सल्ला गेरार्दोला देण्यात आला होता. तो गेला नाही. त्याने आजाऱ्यांची सेवा केली आणि एकेकाला स्वतःच्या हातांनी पुरले. चौतीस जण गेले. मागे उरला एकटा गेरार्दो आणि त्याचा कुत्रा. रात्री चोरांपासून मठ राखायचा आणि दिवसा प्रार्थना करायची, असे करत त्याने तो मठ सांभाळला, आणि पुढे मुख्य मठात जाऊन तिथून नवी माणसे आणून तो पुन्हा उभा केला. ही हकीकत पेट्रार्कला काही वर्षांनी, १३५२ च्या सुमारास समजली आणि त्याने भावाला पत्र लिहून तिचा अभिमानाने उल्लेख केला.

व्हाँतूचे पत्र १३५३ च्या सुमारास लिहिले गेले असेल, तर ते लिहिताना पेट्रार्कच्या डोळ्यांसमोर हाच भाऊ होता. सरळ चढाची वाट धरणारा, आडव्या वाटा न शोधणारा. त्या वसंतातल्या दिवशी गेरार्दो खरेच पुढे गेला होता की नाही, हे आपल्याला सिद्ध करता येणार नाही. पण आयुष्यात तो पुढे गेला होता, याला मात्र महामारीची साक्ष आहे. थोरला जगप्रसिद्ध कवी झाला, १३४१ मध्ये रोममध्ये त्याच्या मस्तकावर कवीचा मुकुट चढला. आणि त्या मुकुटधारी माणसाने लिहून ठेवले की वर आधी पोहोचला तो माझा भाऊ. हे पत्र मागाहून रचलेले असेल तर मला ते खोटे वाटत नाही, ऋण फेडल्यासारखे वाटते.

व्हाँतू डोंगराचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. पंधराव्या शतकात माथ्यावर एक प्रार्थनाघर उभे राहिले. तुलाँ बंदरातल्या जहाजबांधणीसाठी उतारावरची झाडे शतकानुशतके तुटत राहिली आणि डोंगर बोडका झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा लागवड झाली, आज दिसणारे रान बरेचसे त्या लागवडीचे आहे. कीटकांचा थोर अभ्यासक झाँ-आंरी फाब्र याने हा डोंगर वीसहून अधिक वेळा चढला. पायथ्याला ऑलिव्हची झाडे आणि माथ्यावर उत्तर ध्रुवाकडच्या वनस्पतींची भावंडे, हे त्याला विलक्षण वाटे. १९५१ पासून तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत या डोंगरावरून जाऊ लागली. १३ जुलै १९६७ रोजी माथा थोडाच उरला असताना इंग्लंडचा टॉम सिम्पसन सायकलवरून कोसळला आणि मरण पावला. पेट्रार्कच्या वेळचा मुका डोंगर आता मुका राहिलेला नाही. डांबरी रस्ता माथ्यापर्यंत गेला आहे आणि उन्हाळ्यात सायकलस्वारांची रीघ लागते.

त्या रस्त्यावर सिम्पसनचे स्मारक आहे. पेट्रार्कचे नाव त्या परिसरात जागोजागी आहे. मेंढपाळाचे काहीच नाही, आणि ते असणारही कसे? नावच ठाऊक नाही. पण सह्याद्रीत आपण काय करतो? सुळक्यावरच्या पहिल्या चढाईच्या नोंदी आपण ठेवतो, तारखेसह. पायथ्याच्या वाडीतला जो म्हातारा पहाटे उठून आपल्याला नाळेच्या तोंडाशी आणून सोडतो, त्याची नोंद एका शब्दात होते, वाटाड्या. महादेव कोळी असेल, ठाकर असेल, धनगर असेल. कारवी कुठे फुलते, पाण्याचे टाके कुठे आहे, कुठल्या कड्यावर मध बसतो, हे सारे तोच सांगतो. वर कधी गेला होतात, असे विचारले तर हसून म्हणतो, पोरवयात गेलो होतो, तिथे काही नाही. चौदाव्या शतकातल्या मेंढपाळाचेच हे उत्तर.

त्या उत्तरावर फार विश्वास ठेवू नये, असे मला वाटते. व्हाँतूच्या मेंढपाळाने पश्चात्तापाशिवाय काही मिळाले नाही असे सांगितले खरे. पण पन्नास वर्षांनंतरही खडकातली नेमकी कुठली वाट वर जाते, ते त्याला बोटाने दाखवता आले. ज्या वाटेवर माणसाला खरोखर काही मिळालेले नसते, ती वाट पन्नास वर्षे ध्यानात राहत नाही. पेट्रार्कचा मोठेपणा पहिला असण्यात नाहीच. आपल्या आधी एकजण वर जाऊन आला आहे, हे त्याने पत्रातून खोडून टाकले नाही, यात तो आहे. फक्त नाव विचारायचे राहून गेले. येत्या चैत्रात तुम्ही एखादा डोंगर चढाल, तेव्हा तेवढे विचारून घ्या, आणि उतरल्यावर चार ओळी लिहाल तर पहिल्या ओळीत ते नाव लिहा.